बोळ्याची वाटी

आमच्या घरात पाणी उकळतं ते फक्त चहासाठी. प्यायचं पाणी उकळायचं नाही, फिल्टर बसवायचा नाही, आणि दुकानातल्या बाटलीचं तर नावच काढायचं नाही. असं काही कुणी भिंतीवर लिहून ठेवलेलं नाही. पण आमचे हे एकतीस वर्षं गावाच्या पाण्याच्या प्लँटवर आहेत. त्यांच्यासमोर पाणी उकळायला ठेवणं म्हणजे सुगरणीने वाढलेल्या ताटावर तिच्या डोळ्यांदेखत मीठ भुरभुरण्यासारखं झालं. तेवढा निर्लज्जपणा मी कधी केला नाही. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत केला नव्हता.

नदीचं गढूळ पाणी प्लँटमध्ये एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने नितळ होऊन नळांना जातं. मधे गाळ खाली बसवायचा, पाणी वाळूतून सोडायचं, क्लोरिन घालायचं, आणि दर दोन तासांनी काचेच्या नळीत नमुना घेऊन त्यात थेंबभर औषध टाकायचं. पाणी फिकट पिवळं झालं की क्लोरिन बरोबर, रंग गडद होत लालीवर गेला की जास्त. तो पिवळा ह्यांच्या डोळ्यांत इतका बसलाय की एकदा मी एका बाईच्या झग्याला पिवळं अस्तर लावत होते, तर मागून म्हणाले, "जास्त झालंय हे." मी म्हटलं, "अहो, अस्तर आहे!" तर म्हणाले, "तरी जास्तच आहे."

माणूस गरीब स्वभावाचा. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रजा घेत नाहीत, बढती मागत नाहीत, साहेब बदलले तरी ह्यांची खुर्ची तीच आणि खुर्चीवरची उशीही तीच, मी दोनदा शिवून दिलेली. राग येतो तो एकाच गोष्टीचा. कुणी म्हणालं, "पाणी जरा मचूळ लागतंय," की दोन दिवस घरात तोंडातून शब्द नाही. क्लोरिनच्या सिलिंडरची खोली ह्यांच्या ताब्यात. तिथे शिरताना आधी दारात उभं राहून वास घ्यायचा, कुठे गळत नाही ना बघायचं, मगच पुढे जायचं. "यंत्राच्या आधी नाक," असं नव्या लोकांना सांगतात. नाकही आहे सरळ, लांब, देखणं. मी लग्नाला हो म्हटलं ते निम्मं त्या नाकाकडे बघूनच.

ह्यांच्या कपड्यांना त्या क्लोरिनचा वास येतो. लग्नानंतर पहिला महिना माझं डोकं उठायचं. मग सवय झाली, आणि मग तो वास यायचाच बंद झाला. माझ्याकडे पँटी आखूड करायला, चेन बदलायला ज्या बायका येतात, त्या दारात थबकून विचारतात, "आत्ताच फरशी पुसलीत वाटतं?" मी हो म्हणून मोकळी होते. कोण समजावत बसणार!

आता आमची लेक. एकुलती एक, आणि हट्टाच्या बाबतीत बापाच्या वरताण. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, बसने सहा तास. तिने घर घेतलं तेव्हा आम्ही हौसेने बघायला गेलो. हे स्वयंपाकघरात शिरले आणि भिंतीवरचा फिल्टर बघून जे गप्प झाले ते परत येईपर्यंत. दोन दिवस तिच्या घरी पाण्याला शिवले नाहीत. घरून आणलेल्या बाटलीवर काढले. मग तीही कुणाची लेक! पुढच्या खेपेला आमच्याकडे आली ती स्वतःची बाटली घेऊन. तेव्हापासून दोन वर्षं हे असंच. एकमेकांवर जीव टाकतात, पण एकमेकांच्या घरी घोटभर पाणी प्यायचं नाही. मधल्यामधे मी कुठलंही पाणी पिते आणि दोघांच्या शिव्या खाते.

तर या लेकीला तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कुत्र्याचं पिल्लू सापडलं. जेमतेम दोन महिन्यांचं, मळक्या पांढऱ्या रंगाचं, आणि अंगाची वळकटी करून झोपलं की चिंध्यांचा बोळा पडलाय असं वाटावं. म्हणून नावच बोळा. तिला कंपनीने तीन आठवडे प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिने मला फोन केला, "आई, सांभाळशील का?"

मी ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुणाला विचारलं तिने? तुला की मला?"

"तुम्हालाच," मी ठोकून दिलं.

पेपर खाली आला. "मग आणूया की," म्हणाले. मला आपलं वाटलं, चला, एका कुत्र्याच्या पायी का होईना, बापलेकीचं जुळेल.

आणायला गेलो. लेकीने खोका दिला, त्यात तिची जुनी चादर, खाण्याची पिशवी, आणि सूचनांचा हा एवढा कागद. निघताना चाचरत म्हणाली, "बाबा, पाणी मात्र त्याला उकळून गार करून..."

"ऐंशी हजार माणसं पितात ते पाणी," हे म्हणाले.

"माणसं पितात हो. हा एवढासा आहे."

"तूही एवढीशी होतीस. तेच पिऊन वाढलीस."

लेकीने पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "याला काही झालं ना बाबा, तर..." पुढचं बोललीच नाही. बसमध्ये हे तेच वाक्य दहा वेळा पुरं करून बघत होते. "तर काय? तर बोलणार नाही, की तर येणार नाही?"

मी म्हटलं, "काही होणार नाही, मग कशाला चौकशा?"

आणि पुढच्याच वळणाला बोळ्याने ह्यांच्या मांडीवर भडाभडा ओकून टाकलं.

मला वाटलं आता हे चिडणार, कारण पँट नवी होती, मीच शिवलेली. पण नाही. रुमाल काढला, आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःची पँट. सगळ्या रस्त्यात चार वेळा ओकलं ते पिल्लू. शेवटी पोटात काही उरलं नाही तर नुसता फेस. हे त्याला छातीशी धरून बसले होते आणि त्याच्या कानात म्हणत होते, "वळणं आहेत रे, संपतील आता." लेक लहान असताना तिलाही असंच सांगायचे. पण वास इतका येत होता की मला रडायचंही सुचेना.

घरी पोचलो आणि वरून बंद झालं ते खालून सुरू झालं. सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण, केस बांधलेले, बोलण्यात एकदम कामापुरती. पोट दाबून बघितलं, ताप बघितला. म्हणाली, "प्रवासाचा ताण आहे काका, घाबरू नका. जागा बदलली, सगळंच बदललं. एक वेळचं खाणं टाळा. पाणी थोडं थोडं देत राहा. मग मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, चमचा चमचा. भांडी आणि जागा एकदम स्वच्छ. काहींना पाणी बदललं की त्रास होतो, तेव्हा आधीचं पाणी थोडं..."

"पाणी चांगलं आहे," हे मधेच म्हणाले.

"वाईट आहे असं कुठे म्हणाले मी?" डॉक्टरीण हसली. पण ह्यांच्या कानात दोनच गोष्टी अडकल्या. एक, पाणी. दुसरी, भांडी एकदम स्वच्छ.

घरी आल्याबरोबर फर्मान निघालं. बोळ्याची वाटी आणि त्याची जागा माझ्याकडे, तू हात लावायचा नाहीस. मला काय, बरंच झालं. माझ्या मशीनवर सात पँटी पडल्या होत्या. प्लँटवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून आठवड्याची रजा टाकून आले. येताना एक वही आणली आणि प्लँटच्या रजिस्टरसारखे रकाने पाडले. वेळ, आत काय गेलं, बाहेर काय आलं, आणि शेवटचा रकाना, मी वाचून हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिले, 'गढूळपणा'.

दुसऱ्या दिवशी गढूळपणा जरा कमी होता. बोळा उठला, शेपूट हलवली, माझी मोजमापाची टेप पळवली. मी लेकीला फोनवर सांगितलं, मजेत आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं मुसळ केरात. सकाळपासून पाच वेळा. शिवाय आता तोंडातून लाळ आणि सटासट शिंका. वाटीपाशी जायचा, वाकायचा, फुस्स करून मागे सरकायचा. तहान तर लागलेली दिसायची. पुन्हा जायचा, दोन घोट कसेबसे प्यायचा, डोकं झटकायचा.

"सर्दी पण झाली," हे म्हणाले आणि वहीत नवा रकाना पाडला.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, "दात येत असतील." हे म्हणाले, "तू त्याला बिस्कीट देतेस का?" मी म्हटलं, "मी? तुम्हीच रात्रंदिवस त्याच्या तोंडात बघताय, तुम्हीच काही घातलं असेल." झालं! दोन माणसं एका कुत्र्यावरून चोर-पोलीस खेळायला लागलो. मी चिकनची हाडं मोजली. ह्यांनी भाताची शितं तपासली. कशाचा कशाला मेळ नाही. हे दर तासाला वाटी घेऊन मोरीत जायचे, दार लोटायचे, खसाखसा आवाज, आणि वाटी अशी लखलखीत करून आणायचे की तीत तोंड दिसावं. जितकं त्याचं पोट बिघडायचं तितकी वाटी जास्त चमकायची. त्याची बसायची जागाही तशीच, दिवसातून सहा वेळा पुसलेली. एवढी स्वच्छता तर लेकीच्या वेळीही नव्हती आमच्या घरात.

चौथ्या दिवशी दुपारी हे जरा लवंडले. मी चहा टाकला होता. पातेल्यात चहापत्ती टाकायच्या आधी कोण जाणे काय मनात आलं, मी थोडं उकळलेलं पाणी माझ्या बशीत काढलं, गार केलं आणि बोळ्यापुढे सरकवलं. त्याने हुंगलं आणि लपालपा करत सगळी बशी संपवली! मी आणखी ओतलं, तेही संपलं. संध्याकाळपर्यंत ना शिंक, ना काही.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणजे लेक म्हणत होती तेच खरं? उकळलेलं पाणी पचतं आणि आमच्या नळाचं पचत नाही? एकतीस वर्षं हा माणूस ज्या पाण्यापायी सणासुदीला घरी राहिला नाही, त्या पाण्यात खोट? सांगू कसं आणि कुणाला!  दुसऱ्या दिवशी पुन्हा चोरून पाणी उकळलं. आपल्याच घरात, आपल्याच गॅसवर, चोरासारखी मागे वळून वळून बघत.

आणि हे दारात उभे.

"चहा तर आत्ताच झाला ना?" म्हणाले. मग पातेलं बघितलं. मग खालची बशी, आणि बशीतून पिणारा बोळा बघितला. 

"उकळलेलं पितोय?"

"हो."

"कधीपासून?"

"कालपासून. आणि पचतंय हो त्याला. मी काय करू? तुम्हीच सांगा मी काय करू!" मला रडूच फुटलं.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. कपाटातून नमुन्याची नळी काढली, नळाचं पाणी धरलं, औषधाचा थेंब टाकला. फिकट पिवळं, अगदी जसं हवं तसं. खिडकीत धरून तीनदा बघितलं. "काही कळत नाही गं," म्हणाले. "पाणी तर चांगलंय. पाणी चांगलंय ना?" एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

मग पायात चपला घातल्या आणि बाहेर गेले. अर्ध्या तासाने आले ते पाण्याचा पाच लिटरचा मोठा सीलबंद कॅन खांद्यावर घेऊन. भर दुपारी, सगळ्या गल्लीतून. नाक्यावरचा न्हावी म्हणे वस्तरा हातात धरून दारात येऊन बघत राहिला, की पाणीवालेसाहेब दुकानाचं पाणी नेतायत! ह्यांनी कुणाकडे बघितलं नाही. कॅन स्वयंपाकघरात ठेवला आणि म्हणाले, "त्याचा जीव मोठा की माझं नाक?" मला त्या क्षणी त्यांच्याइतकं मोठं कुणी वाटलं नाही, खरंच सांगते.

वाटी घासून आणली, लखलखीत. त्यात कॅनमधलं पाणी ओतलं आणि माझी बशी उचलून ठेवली. "आता याच्यातच पिऊ दे."

तो प्यायला नको म्हणत होता. ह्यांनी मांडीवर घेतला, बोटाने ओठ ओले केले, विनवण्या करून करून पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोळ्याची मान धरवेना. हिरड्या पांढऱ्याफटक, डोळे अर्धे मिटलेले. चादरीतून उचलला तर वजनच लागेना.

आता मात्र आमची मती गुंग झाली. नळाचं पाणी पचत नाही, बाटलीचं पचत नाही, माझ्या बशीतलं तेवढं पचतं. माझ्या बशीला काय सोनं लागलंय? रिक्षात हे वही उघडून बसले होते आणि एकेक ओळ वाचत होते. "अगं, कुठेतरी असेल ना. कुठेतरी लिहिलेलं असेल ना." मला लेकीचं ते अर्धं वाक्य आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार, कारण मधेच म्हणाले, "ती बोलणार नाही माझ्याशी."

डॉक्टरीणबाईने बोळ्याला टेबलावर घेतला, त्याचा पंजा उचलला आणि एकदम तोंड मागे घेतलं. "काका, याला तुम्ही पोहायच्या तलावात ठेवता का?"

"म्हणजे?"

"केवढा क्लोरिनचा वास येतोय! पंजांना, तोंडाला, चादरीलासुद्धा. काय वापरता घरी?"

ह्यांनी बोळ्याचा पंजा स्वतःच्या नाकाशी नेला. एकदा हुंगला. दुसऱ्यांदा डोळे मिटून, लांब श्वास घेऊन. मग माझ्याकडे बघितलं. "तुला येतोय?"

मी वाकले. मला काय येणार? मला येत होता तो आमच्या घराचा वास, ह्यांच्या शर्टाचा, उशीचा, लग्नाचा. तो काही वास आहे हे मी कधीच विसरले होते. "आपल्या घरासारखा येतोय," मी म्हटलं.

"मला काहीच येत नाही," हे म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. प्लँटवरून आणलेली लहान बाटली, क्लोरिनच्या कडक द्रावणाची. भांडी एकदम स्वच्छ हवीत ना? म्हणून हे वाटी त्या द्रावणाने धुवायचे, पाण्याने नुसती विसळायचे, कारण जास्त विसळली तर पुन्हा जंतू लागतील. जागाही त्या द्रावणानेच पुसायचे. आधी दोन थेंब. गुण येईना म्हणून चार. मग झाकणभर. पिल्लू त्या फरशीवर लोळत होतं, पंजे चाटत होतं, त्या वाटीत नाक खुपसत होतं आणि शिंकून शिंकून सांगत होतं. आम्ही त्याला सर्दी म्हणत होतो.

"नळाच्या पाण्याचा काही दोष नाही," डॉक्टरीण सलाईनची सुई लावत म्हणाली. "उत्तम पाणी आहे तुमचं. मी स्वतः तेच पिते. प्रवासाने बिघडलेलं पोट दोन दिवसांत आपोआप बरं झालं असतं. आजचा दिवस इथे राहू दे. लहान आहे, आत्ताच काही सांगत नाही."

घरी आल्यावर हे चपलाही न काढता सरळ मोरीत गेले. वाटी घेतली, घासलेली, लखलखीत. त्यात नळाचं पाणी ओतलं, नळीत धरलं, थेंब टाकला. मी बघत होते. पिवळं नाही झालं. नारिंगी झालं, मग लालभडक. नळ तपासला, कॅनचं पाणीही मनातल्या मनात तपासलं असेल, फक्त स्वतःच्या हाताने धुतलेली वाटी तेवढी तपासायची राहिली होती.

मोरीच्या उंबऱ्यावर बसले. "ऐंशी हजार माणसांचं माप कधी चुकलं नाही माझं," म्हणाले. "आणि एवढ्याशा वाटीचं चुकलं."

मी म्हटलं, "जीव होता त्याच्यावर म्हणून."

"ते नको सांगूस. मला वास येत नाही ते कधीपासून?"

मला काय माहीत? नमुन्याला रंग असतो, तो डोळ्यांनी दिसतो, म्हणून पाणी कधी चुकलं नाही. पण वासाचं? मग आठवायला लागलो. दूध करपलं होतं तेव्हा हे शेजारीच बसून पेपर वाचत होते. मी केवढी भांडले होते, लक्ष नाही म्हणून. गॅसची नळी सुटली होती तेव्हा मास्तरीणबाई वरून धावत आल्या होत्या. एकेक आठवत गेलं आणि आमची दोघांची तोंडं उतरत गेली. मग हे फार हळू म्हणाले, "आणि मी रोज त्या खोलीच्या दारात उभा राहून आत वास घेतो. माझ्या भरवशावर मागून दोघं आत जातात."

मला म्हणायचं होतं, आठ महिने राहिलेत निवृत्तीला, गप्प बसा ना. जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, बोळ्याने मान उचलली. ह्यांनी मग लेकीला स्वतः फोन लावला, मी देऊ का म्हटलं तरी ऐकलं नाही. "हे बघ, तो आजारी आहे आणि ती चूक माझी आहे," इथूनच सुरुवात. सगळं सांगितलं, थेंबांसकट.  मग मला फोनातून तिचं ऐकू आलं. "बाबा, तुम्हाला वास येत नाही?" आणि तेवढंच दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि साहेबांना सांगून आले. सिलिंडरची खोली त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेली. ह्यांना तक्रारींच्या फोनपाशी बसवलं, उशी तेवढी सोबत नेली. रोज तीन-चार जण फोन करतात, पाण्याला वास येतोय म्हणून. पूर्वी चिडले असते. आता लिहून घेतात आणि विचारतात, "कसा येतोय? जरा नीट सांगता का?" एका बाईने म्हणे वैतागून फोनच आपटला.

बोळा तिसऱ्या दिवशी घरी आला. माझ्या बशीतून, नळाचं साधं पाणी. हे बशी भरतात आणि शेजारी फरशीवर बसून राहतात. तो हुंगतो, मग पितो. तो पहिला घोट घेईपर्यंत हे उठत नाहीत. आठवड्याभरात माझ्या दोन टेपा आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा पाय खाऊन पचवला त्याने. 'गढूळपणा' शून्य.

तीन आठवड्यांनी लेक न्यायला आली. दारात बोळ्याला उचललं, त्याच्या मानेत तोंड खुपसलं. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे, निकालाला उभं राहिल्यासारखे. ती तशीच आत गेली. जेवली, आपल्या बाटलीतलं पाणी प्याली, निघायची वेळ झाली. तेव्हा ह्यांनी आतून एक भरलेली बाटली आणली.

"ह्याच्यासाठी. नळाचं आहे," म्हणाले. "तिथे गेल्यावर लगेच तुझं पाणी नको देऊस. आधी अर्धं हे, अर्धं तुझं. मग हळूहळू हे कमी करत जा. डॉक्टरांनी सांगितलंय." मग जरा थांबून, "देण्याआधी तू एकदा वास घेऊन बघ. मला सांगता येत नाही."

लेकीने बूच उघडलं आणि बाटली नाकाशी नेली.

"येतोय?" ह्यांनी विचारलं.

"येतोय, बाबा."

"जास्त आहे?"

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हवा तेवढाच आहे." आणि तशीच उभ्याने ती त्यातलं पाणी घटाघटा प्याली. मग बाटली पुन्हा आमच्या नळाखाली भरून घेतली.

ती गेल्यावर टेबल आवरताना बघते, तर तिची स्वतःची बाटली तिथेच राहिलेली, अर्धी. मी ओतायला निघाले तर हे म्हणाले, "थांब." बाटली घेतली, सवयीने नाकाशी नेली, जरा वेळ तशीच धरली. मग तोंडाला लावली आणि संपवली.

"चांगलं पाणी आहे गं," म्हणाले.